दुखणं एकीचं, प्रश्न साऱ्यांचा

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्याच एका सभासद ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, बोलल्या तसंच छापत आहोत.)



व्यासपीठावरच्या अध्यक्षताई, सचिवताई, गावोगावहून डबे बांधून आलेल्या माझ्या बहिणींनो, आणि मागं लिंबाखाली लेकरं घेऊन बसलेल्या आयांनो, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मला महिनाभरापूर्वी निरोप आला, "ताई, तुम्ही मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालात, समाजशास्त्र घेतलं होतं. तर समाजशास्त्र म्हणजे काय, ते आपल्या बायकांना सोप्या भाषेत सांगा." मी हो म्हटलं. वह्या काढल्या, टिपणं काढली. मग आजच्या सभेची विषयपत्रिका हातात पडली. विषय क्रमांक ६ : सलग तीन महिने बचत व हप्ता न भरणाऱ्या सभासदांची नावे कमी करणेबाबत. ते वाचलं आणि टिपणं बाजूला ठेवली. म्हटलं, हा एक ठराव समोर ठेवला तरी समाजशास्त्राचे पहिले धडे सगळे त्यातच निघतील.

आधी एक गोष्ट सांगते. गोष्ट माझीच आहे, आणि तिच्यात मी काही फार शहाणी दिसत नाही.

चार वर्षांपूर्वी मी आमच्या गटाची सचिव होते. गटात बारा जणी. त्यातली एक माझी चुलत जाऊ. नाव घेत नाही, कारण ती आज इथं नाही. ती आणि तिचा नवरा दरवर्षी कोयत्यावर जायचे. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघायचं, ते पाडव्याच्या सुमाराला परत. तिनं गटातून शेळ्यांसाठी दहा हजार अंतर्गत कर्ज घेतलं होतं. जायच्या आधीचे तीन हप्ते तिनं वेळेवर भरले. मग ती गेली. डिसेंबरला बचत नाही, हप्ता नाही, बैठकीला गैरहजर. दंड लावला. जानेवारीला तेच. फेब्रुवारीला तेच. मार्चच्या बैठकीत आम्ही नियमावली काढली, मोठ्यानं वाचली आणि तिचं नाव कमी केलं. तिची बचत कर्जात वळती करून घेतली. ठराव मी लिहिला, चांगल्या वळणदार अक्षरात.

पाडव्याला ती आली. मी घरी जाऊन तिला सांगितलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "जाऊबाई, माझं नशीबच तसलं."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. तिनं नशिबावर घेतलं, म्हणजे आमच्यावर काही आलं नाही. राहिलेलं कर्ज फेडायला तिनं शेळ्या विकल्या. पुढच्या हंगामाला मुकादमाकडून आधीपेक्षा जास्त उचल घेतली. मी माझ्या कामाला लागले.

त्याच वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं होतं. समाजशास्त्राच्या पुस्तकात एक धडा होता. अमेरिकेत सी. राइट मिल्स नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. त्यांचं पुस्तक १९५९ साली निघालं. ते म्हणतात, माणसाची खासगी अडचण वेगळी आणि समाजाचा प्रश्न वेगळा, आणि हे दोन ओळखता आले पाहिजेत. त्यांनी उदाहरण दिलंय बेकारीचं. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर ती त्याची अडचण. त्याचा स्वभाव बघा, कसब बघा, त्याला कुठं काम मिळेल ते बघा. पण पाच कोटी काम करणाऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव बघून काय उपयोग? तिथं कामधंद्याची सगळी घडीच बिघडलेली असते.

मी धडा वाचला आणि पुस्तक तसंच उघडं ठेवून आत गेले. ट्रंकेतून गटाच्या जुन्या वह्या काढल्या. तीन वर्षांची दंडाची पानं काढली आणि एका कागदावर महिन्यावार मांडली. जून ते ऑक्टोबर दंड जवळजवळ नाहीच. नोव्हेंबरपासून सुरू, मार्चपर्यंत. आणि नावं? तीन वर्षं तीच पाच नावं. पाचही कोयत्यावर जाणाऱ्या.

बारा जणींच्या गटात पाच. आम्ही तीन वर्षं एकेकीला बेशिस्त म्हणत होतो. वही मात्र दुसरंच सांगत होती. ती वही मी स्वतः लिहिली होती, आणि मला ती वाचता आली नव्हती.

बायांनो, समाजशास्त्राची सुरुवात ही अशी होते. एका बाईकडं बघून जे दिसत नाही, ते दहा बायकांकडं एकत्र बघितल्यावर दिसतं.

आपल्या बीड जिल्ह्यानं हे फार मोठी किंमत देऊन शिकलंय. पिशवी काढण्याचं तुम्हाला माहीत आहे. वर्षानुवर्षं एकेक बाई दवाखान्यात जायची, पोट दुखतंय म्हणायची, आणि पिशवी काढून यायची. प्रत्येकीला वाटायचं, माझंच अंग खराब. सासूला वाटायचं, हिचंच नाजूक. मग २०१९ साली हा विषय विधिमंडळात गेला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. आता सांगा, तेरा हजार बायकांचं अंग एकाच वेळी, एकाच धंद्यात खराब होतं का? फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड. पहाटे तीनला उठून मोळ्या वाहायच्या. दुखणं एकेकीच्या पोटात होतं, पण ते तयार होत होतं कामाच्या पद्धतीत. मोजणी होईपर्यंत ते तेरा हजार वेगवेगळी नशिबं होती.

आता दुसरा धडा. फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम म्हणून विद्वान होते. १८९५ साली त्यांनी लिहिलं, की समाजात अशा काही गोष्टी असतात ज्या माणसाच्या बाहेर असतात, त्याच्या आधीपासून असतात, आणि त्याच्यावर जोर चालवतात. त्यांना ते 'सामाजिक तथ्य' म्हणतात. भाषा, लग्नाच्या रीती, पैशाचा व्यवहार, हुंडा. तुम्ही म्हणाल, दिसत नाही ती गोष्ट जोर कसा चालवते? मग एक करून बघा. उद्या गावात डोक्यावरचा पदर न घेता वडीलधाऱ्यांच्या पारासमोरून जा. कुणी हात लावणार नाही, कुणी बोलणारही नाही कदाचित. पण तुमचेच पाय जड होतील. तो जोर.

याच दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. आपल्या मराठवाड्यात हा शब्द हलका नाही, मला ठाऊक आहे. या मांडवातसुद्धा कुणाकुणाच्या घरातलं माणूस असं गेलेलं आहे. म्हणून जपून सांगते. त्यांनी युरोपातल्या सरकारी नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं, की प्रत्येक देशातलं आत्महत्येचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच राहतं. आणि ज्या माणसांचे इतरांशी बांधलेले धागे कमी, त्यांच्यात ते जास्त. लग्न झालेल्यांपेक्षा एकट्यांमध्ये जास्त. जिथं माणसं एकमेकांत घट्ट गुंतलेली, तिथं कमी. एका माणसाच्या मनात शेवटी काय चाललं होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. पण माणूस किती धाग्यांनी बांधलेला आहे, त्यावर त्याचं टिकणं अवलंबून असतं, एवढं त्यांनी दाखवून दिलं.

मी जावेचं नाव कमी केलं, तेव्हा मला वाटलं मी एक थकीत खातं बंद केलं. तिचा एक धागा तुटला, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तिसरा धडा गंमतीचा आहे, आणि आपल्या गटांना अगदी लागू पडतो. रॉबर्ट मर्टन नावाचे अमेरिकन अभ्यासक. त्यांनी १९४९ मध्ये सांगितलं, की कुठल्याही रीतीचं एक उघड काम असतं आणि एक लपलेलं काम असतं. उघड काम सगळ्यांना ठाऊक असतं. लपलेलं काम कुणी ठरवलेलं नसतं, पण होत असतं.

आपल्या बैठकीचं उघड काम काय? बचत गोळा करणं, कर्ज देणं, वसुली. आणि लपलेलं? मीच सांगते माझं. गटात यायच्या आधी लग्नानंतरच्या अकरा वर्षांत मी माझं पूर्ण नाव कुठं लिहिलं नव्हतं. घरी मी 'अमक्याची आई' आणि 'तमक्याची सून'. गटाच्या वहीत पहिल्यांदा सही केली. बैठकीच्या निमित्तानं महिन्यातून एकदा, कुणाला न विचारता, तासभर घराबाहेर बसता आलं. कुणाची सून दिवस गेलेली आहे, कुणाच्या घरी मारझोड चालते, रेशनला काय आलंय, हे तिथं कळायला लागलं. हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नाही. पण तुम्ही मनाशी विचारा, बैठक बंद झाली तर तुम्हाला कशाची आठवण येईल? दहा रुपये व्याजाची की त्या तासाची?

नियमाचंही तसंच. दंडाच्या नियमाचं उघड काम शिस्त लावणं. पण न सांगता तो आणखी एक काम करत होता. ज्या बाईला गटाची गरज जास्त, तिलाच तो गटाबाहेर ढकलत होता. नियम करताना कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. म्हणूनच तो तीन वर्षं कुणाला दिसला नाही.

चौथा धडा जरा कडू आहे. कार्ल मार्क्स यांनी सांगितलं, की समाज बघताना आधी विचारा : जमीन, कारखाना, भांडवल कुणाच्या हातात आहे आणि अंगमेहनत कोण करतो? नियम बहुतेक वेळा ज्याच्या हातात साधन आहे त्याच्या सोयीचे निघतात. मी आमच्या गटाला हा प्रश्न विचारला. अध्यक्षांची विहीर. माझी दोन एकर पाटाखाली. आम्ही दोघी वर्षभर गावात. बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला, हा नियम आम्ही गावात राहणाऱ्या बायकांनी केला, आमच्या आयुष्याकडं बघून. ज्या पाच जणी बाहेर जातात त्यांच्याकडं एक तर जमीन नाही, नाहीतर माळावरचा कोरडवाहू तुकडा. त्यांची राहण्याची जागाही गावाच्या एका टोकाला. आणि बैठक कुणाच्या ओट्यावर भरत होती? आमच्या. चहा कुणाच्या घरचा? आमच्या. त्यांच्या घरी बैठक ठेवू असं तीन वर्षांत कुणी म्हटलं नाही. का म्हटलं नाही, ते मी सांगायला नको. तुम्हालाही कळतं, मलाही कळतं.

जातीविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली, विद्यार्थी असताना, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक निबंध वाचला होता. भारतातल्या जातींविषयीचा. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यांनी दाखवलं, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यानं. आणि ती चौकट सांभाळायला बाईला बांधून ठेवावं लागतं. सती, विधवेला पुन्हा लग्नाची बंदी, मुलीचं लहानपणी लग्न, या सगळ्या रीतींचा संबंध त्यांनी जातीशी लावला. आपल्याला वाटतं बाईचा प्रश्न वेगळा आणि जातीचा वेगळा. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, की दोन्हींची मुळं एकात एक गुंतलेली आहेत. गटात आपण सगळ्या 'बायका' म्हणून एक आहोत हे खरं. पण सगळ्या सारख्या जागी उभ्या नाही, हेही तितकंच खरं.

पाचवा धडा आपल्या रोजच्या जगण्याचा. समाजशास्त्रात 'दर्जा' आणि 'भूमिका' असे दोन शब्द आहेत. दर्जा म्हणजे समाजातली तुमची जागा. आई, सून, मजूर, सचिव. भूमिका म्हणजे त्या जागेवरून तुमच्याकडून जे अपेक्षित असतं ते. एकाच माणसाच्या दोन भूमिका एकाच वेळी दोन दिशांना ओढायला लागल्या, की त्याला भूमिका-संघर्ष म्हणतात. पाच तारखेला लेकरू तापानं फणफणतंय आणि बैठक आहे. आई म्हणून घरी थांबायचं का सभासद म्हणून जायचं? काहीही केलं तरी एकीकडं चूक ठरणार.

आणि भूमिकांचं ओझं सारखं वाटलेलं नाही. २०१९ साली भारत सरकारनं देशभर वेळेची पाहणी केली. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, ते विचारलं. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, म्हणजे पाच तासाला एक मिनिट कमी. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. आणि हात लावणारे तरी किती? शंभर बायकांमागं ८१, शंभर पुरुषांमागं २६. इंग्लंडमध्ये अ‍ॅन ओकली या बाईंनी १९७४ साली घरकामावर पुस्तक काढलं. लंडनच्या ४० गृहिणींशी बोलून त्यांनी हिशोब मांडला, तो आठवड्याला सरासरी ७७ तास भरला. त्याआधी घरकाम हे 'काम' म्हणून अभ्यासायचं कुणाच्या फारसं डोक्यात नव्हतं. लंडनची बाई असो की आपली, घरचं काम मोजलंच जात नाही. कारण मोजणाऱ्याच्या ताटात भाकरी आपोआप येते.

हे सगळं आपण कधी शिकलो? शाळेत तर नाही. मुलीला खेळायला भातुकली, मुलाला गाडी. भावाचं ताट बहिणीनं उचलायचं. "मुलीच्या जातीला असं मोठ्यानं हसणं शोभत नाही." हे रोज थोडं थोडं अंगात मुरतं. त्याला सामाजिकीकरण म्हणतात. ते वाईटच असतं असं नाही. बोलणं, वागणं, माणुसकी सगळं त्यातूनच येतं. पण शिकवलेलं असतं, म्हणजे दुसरं काही शिकवताही येतं. माझ्या पोरानं गेल्या वर्षीपासून स्वतःचं ताट घासायला सुरुवात केली. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तोही एक 'जोर'च, दुर्खीम यांनी सांगितलेला. पाचव्या दिवशी बोलल्या.

शेवटचा धडा. हॉवर्ड बेकर नावाचे अमेरिकन अभ्यासक. त्यांचं पुस्तक १९६३ सालचं. ते म्हणतात, कुठलंही वागणं मुळातच 'गुन्हा' किंवा 'बेशिस्त' नसतं. समाज नियम करतो, तो काही जणांना लावतो, आणि त्यांच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवतो. एकदा चिठ्ठी चिकटली की लोक माणूस बघत नाहीत, चिठ्ठी वाचतात. आणि हळूहळू माणूसही स्वतःला त्याच नावानं ओळखायला लागतो. आपली चिठ्ठी कोणती? 'थकबाकीदार'. माझ्या जावेनं जायच्या आधीचे तीन हप्ते वेळेवर भरले होते. ते कुणाला आठवलं नाही. आणि "माझं नशीबच तसलं" असं जेव्हा ती म्हणाली, तेव्हा ती चिठ्ठी तिनं स्वतःच्या हातानं चिकटवून घेतली होती.

आता तुमच्यातल्या काही जणींच्या मनातलं मी बोलते. "ताई, हे पुस्तकातलं ठीक आहे. पण मग नियम कशाला? आज हिला सूट दिली, उद्या सगळ्या मागतील. वसुली पडली तर बँक दारात उभं करणार नाही." ही काळजी खरी आहे. गटातला पैसा माझा नाही, तुमचा नाही, बारा जणींच्या घामाचा आहे. तो बुडवायचा हक्क कुणालाही नाही. आणि जाणूनबुजून पैसे अडवून ठेवणाऱ्याही असतात. त्याही मी बघितल्यात. समाजशास्त्र सगळ्यांना माफ करा असं सांगत नाही. ते सांगतं, आधी ओळखा. एकीचंच थकलं असेल तर तिच्या घरी जा, तिच्याशी बोला, गरज पडली तर कडकही वागा. पण एकाच महिन्यात, एकाच प्रकारच्या कामातल्या पाच जणींचं थकत असेल, तर नियमाशी बोला.

पंचसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नीट नोंदी. मी पंचसूत्रीच्या विरोधात नाही. पण नियमित म्हणजे बाराही महिने सारखंच, असं समजायचं का? ज्वारी नियमित येते, म्हणून दर महिन्याला येते का? हंगामावर जगणाऱ्या बाईचा नियमितपणा हंगामी असतो. तिच्याकडं पैसा येतो तेव्हा घेतला, तर ती पूर्ण देते.

म्हणून विषय क्रमांक ६ वर हात वर करायच्या आधी माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली. प्रत्येक गटानं तीन वर्षांच्या दंडाच्या आणि थकीत हप्त्याच्या नोंदी एका कागदावर मांडाव्यात. आडवे बारा महिने, उभी सभासदांची नावं. जिथं थकलं तिथं फुली. एका दुपारचं काम आहे. फुल्या विखुरलेल्या आहेत का एका जागी जमल्या आहेत, ते नुसतं बघा.

दुसरी. ज्या बाहेर जातात त्यांचे हप्ते पाडवा ते दसरा या काळात बसवावेत. रक्कम तीच, व्याजाचा हिशोब तोच, फक्त वेळापत्रक वेगळं. जायच्या आधी तो ठराव वहीत लिहून, वाचून दाखवून, त्यांची सही घ्यावी.

तिसरी. कोपीवर असलेल्या सभासदाला बैठकीच्या दिवशी फोन लावावा. फोन उचलला, दोन वाक्यं बोलली, तर हजेरी लावावी. बचत परत आल्यावर एकरकमी भरली तरी दंड लावू नये.

चौथी. कुणाचंही नाव कमी करायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जावं. ती बाहेर असेल तर येईपर्यंत थांबावं. बाई समोर नसताना तिच्याबद्दल ठराव करू नये. हे मी केलंय, म्हणून सांगते.

आता माझ्या जावेचं राहिलं. या जून महिन्यात मी तिच्याकडं गेले. म्हटलं, "झालं ते चुकलं. गटात परत ये." ती भाकरी थापत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यीन. पण आधी त्या वहीत माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले आणि वाचून दाखवलं. 'सदर सभासद सलग तीन महिने विनाकारण गैरहजर राहिल्याने...'

ती म्हणाली, "विनाकारण? मी कुठं होते, ते तुम्हाला ठाऊक होतं की."

बायांनो, खरंच ठाऊक होतं. ट्रॅक्टर माझ्याच दारावरून गेला होता. मी हात हलवून तिला निरोप दिला होता. आणि तीन महिन्यांनी माझ्याच हातानं 'विनाकारण' लिहिलं. नियमावलीत तसा छापील नमुना होता, म्हणून लिहिलं. 'ऊसतोडीला गेल्यामुळे' असं लिहायला वहीत जागा होती. माझ्या डोक्यात नव्हती.

तिनं अजून सही केलेली नाही. म्हणाली, "बघू, दसऱ्याआधी सांगते." दसरा पुढच्या महिन्यात आहे. ट्रॅक्टर लागायच्या आत मला तिला सांगायचंय, की नियम बदललाय. ते मी एकटी बदलू शकत नाही. तुम्ही सगळ्या मिळून बदलू शकता.

माझं एवढंच. घरी गेल्यावर वही काढा.



(या भाषणानंतर विषय क्रमांक ६ वरील निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला आहे. सर्व गटांनी तीन वर्षांच्या थकीत नोंदींचा महिनावार तक्ता तयार करून दसऱ्यापूर्वी आपल्या सहयोगिनीकडे द्यावा. तक्ता करायला मदत हवी असेल तर तसा निरोप संघ कार्यालयात द्यावा.)